मुलीच्या कपाटातल्या कादंबऱ्या आणि आपलं वय

प्रश्न विचारणाऱ्या ताई बेचाळीस वर्षांच्या आहेत, बँकेत नोकरी करतात. मुलगी नववीत आहे. मुलीच्या कपाटातल्या किशोरवयीनांसाठीच्या कादंबऱ्या, बऱ्याचशा इंग्रजी आणि थोड्या मराठी, त्यांनी सहज म्हणून हातात घेतल्या आणि गेलं वर्षभर त्या तेच वाचताहेत. वाचनकट्ट्यावर "सध्या काय वाचताय?" असं विचारल्यावर त्यांनी खरं ते सांगितलं. त्यावर तिथले एक ज्येष्ठ सदस्य सगळ्यांदेखत म्हणाले, "वाचक वयाबरोबर पुढे जातो, तुम्ही मागे निघालात." तेव्हापासून ताईंनी कट्ट्यावर जाणं बंद केलंय. त्या विचारतात: मोठ्यांचं साहित्य वाचायची माझी कुवत संपली का? आणि या पुस्तकांत वेळ घालवणं हे खरंच कमीपणाचं आहे का?

ताई, मी एका तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. तुमचा प्रश्न देवघेवीच्या काउंटरवर मला नेहमी भेटतो, पण तोंडानं विचारलेला क्वचितच. चाळिशीतल्या बाई किंवा पन्नाशीतले गृहस्थ बालविभागातल्या कपाटातलं पुस्तक घेऊन येतात, मुखपृष्ठ खाली करून टेबलावर ठेवतात आणि मी कार्ड काढायच्या आत सांगून टाकतात, "मुलीसाठी नेतोय." आठवड्यानं त्याच मालिकेतला पुढचा भाग मागायला तेच येतात. मला त्यांचं वाईट वाटतं. वाचनालयात येऊन, वर्गणी भरून, आवडीचं पुस्तक घेणाऱ्या माणसाला सफाई द्यावीशी वाटावी, यात पुस्तकाचा काहीच दोष नाही.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. पुस्तकं हलकी आहेत का, हा एक. माझी कुवत घटली का, हा दुसरा, आणि त्याचा पहिल्याशी फारसा संबंध नाही. त्या ज्येष्ठांनी एकाच वाक्यात दोन्हींची गाठ मारून दिली, म्हणून तुम्हाला ती सुटत नाहीये. आधी पुस्तकांचं बघू.

'हे किशोरांसाठी' हा शिक्का पुस्तकावर कोण मारतं? बहुतेक वेळा लेखक नाही. प्रकाशक मारतो, कारण दुकानात ते कुठल्या मांडणीवर जाणार हे त्याला ठरवावं लागतं. मग आम्ही ग्रंथपाल मारतो, कारण आम्हालाही ते कुठल्यातरी कपाटात लावायचं असतं. मार्कस झुसाक या ऑस्ट्रेलियन लेखकाची 'द बुक थीफ' ही कादंबरी घ्या. नाझी जर्मनीत पुस्तकं चोरणाऱ्या एका मुलीची गोष्ट. २००५ साली ऑस्ट्रेलियात ती मोठ्यांची कादंबरी म्हणून आली. पुढच्या वर्षी अमेरिकेत तीच कादंबरी किशोरवयीनांसाठी म्हणून छापली गेली. तुम्ही ती सिडनीत विकत घेतली असती तर कट्ट्यावर कुणी भुवई उंचावली नसती, आणि न्यूयॉर्कमध्ये घेतली असती तर तुम्ही मागे निघालेल्या ठरला असता. इंग्लंडमध्ये २००३ साली मार्क हॅडन यांच्या 'द क्युरियस इन्सिडंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम'च्या बाबतीत तर दोन्ही आवृत्त्या एकाच वेळी निघाल्या, एक मोठ्यांसाठी आणि एक मुलांसाठी, वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह. त्या वर्षीचा गार्डियनचा बालसाहित्याचा पुरस्कार तिला मिळाला आणि व्हिटब्रेडचा कादंबरीचा पुरस्कारही मिळाला, तोही मोठ्यांच्या विभागात. परीक्षकांनाच जी भिंत सापडली नाही, ती कट्ट्यावर तुमच्यासमोर उभी केली गेली.

मोठी माणसं ही पुस्तकं वाचतात, हे प्रकाशकांना फार आधीपासून ठाऊक आहे. हॅरी पॉटरच्या पहिल्या भागाची, आत एक अक्षरही न बदलता, गंभीर दिसणाऱ्या मुखपृष्ठाची मोठ्यांसाठीची आवृत्ती ब्लूम्सबरीनं १९९८ सालीच काढली होती. लोकलमध्ये, ऑफिसात हातात धरायला संकोच वाटू नये म्हणून. अमेरिकेत बोकर या संस्थेनं २०१२ साली केलेल्या पाहणीत, किशोरवयीनांसाठीची पुस्तकं विकत घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोक १८ वर्षांवरचे निघाले. त्यात तीस ते चव्वेचाळीस या वयाचा गट सगळ्यात मोठा होता, आणि बहुतेकांनी पुस्तक स्वतः वाचायलाच घेतलं होतं. म्हणजे तुमच्यासारखे वाचक काही अपवाद नाहीत.

आता मराठीकडे येते, कारण तुमच्या कट्ट्यावरच्या बोलण्यात एक विसंगती आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. मिलिंद बोकील यांची 'शाळा' २००४ साली मौजेनं काढली. नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र, त्याला आवडणारी शिरोडकर, बाहेर आणीबाणी. सगळं मुकुंदच सांगतो, त्याच्या वयाच्या भाषेत, त्याला जेवढं कळतं तेवढंच. मागे वळून शहाणपण सांगणारा प्रौढ माणूस त्यात मध्ये येत नाही. प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'मधल्या लंपनचंही तेच: आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा, बेळगावकडचा कानडी हेल असलेला परिसर, आणि सगळं त्या मुलाच्याच बोलण्यातून. इंग्रजी प्रकाशनविश्वात ज्याला किशोरवयीनांची कादंबरी म्हणतात तिची बांधणी अशीच असते: नायक शाळकरी, निवेदन प्रथमपुरुषी, काळ आखूड, दृष्टी त्या वयाची. तरीही 'शाळा' किंवा 'वनवास' वाचणाऱ्याला कुणी "मागे निघालात" म्हणत नाही. उलट ती पुस्तकं वाचलेली नसतील तर कट्ट्यावर मान खाली घालावी लागते. मग तुमच्या त्या ज्येष्ठांचा आक्षेप नक्की कशाला आहे? नायकाच्या वयाला नाही. बांधणीलाही नाही. पुस्तक कुठल्या प्रकाशनाचं, कुठल्या कपाटातलं आणि कुणाला उद्देशून, एवढ्यालाच.

माझं मत स्पष्ट सांगते. आपल्याकडे लहानपणाविषयी मोठ्यांसाठी लिहिलं की ते साहित्य होतं, आणि लहानांसाठी लिहिलं की शालेय उपक्रम. या भेदानं मराठी बालकुमार साहित्याचं फार नुकसान केलंय. त्याची गंभीर समीक्षा होत नाही, चांगला लेखक तिकडे सहसा वळत नाही, वळला तर त्याचं ते लेखन 'इतर' या सदरात जातं. १९७१ पासून बालभारतीचं 'किशोर' मासिक निघतंय, त्यात मराठीतल्या मोठमोठ्या लेखकांनी लिहिलं. पण त्या लेखकांवरच्या चर्चेत 'किशोर'मधल्या कथेचा उल्लेख मी फार क्वचित ऐकलाय.

साने गुरुजींच्या 'श्यामची आई'चं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक आपण मुलांच्या हाती देतो. पण आत बघा: प्रत्येक प्रकरण म्हणजे एक रात्र, आणि मोठा झालेला श्याम त्या रात्री आश्रमातल्या आपल्या मित्रांना आईच्या आठवणी सांगतोय. ऐकणारे मुख्यतः मोठेच आहेत. आमच्याकडे ते दोन्ही विभागांत आहे. मोठ्यांच्या विभागातली प्रत जास्त फाटलेली आहे, तिची बांधणी मी पुन्हा करून घेतली.

त्या ज्येष्ठांची बाजूही नीट मांडायला हवी, नाहीतर हे उत्तर एकतर्फी होईल. असाच आक्षेप २०१४ साली अमेरिकेतल्या स्लेट या नियतकालिकात रुथ ग्रॅहम यांनी घेतला होता आणि त्यावरून बराच गदारोळ झाला. मुलांसाठी लिहिलेली पुस्तकं वाचताना मोठ्यांना संकोच वाटायला हवा, असं त्यांचं म्हणणं. सूर मला पटला नाही, पण त्यांचा एक मुद्दा मी बाजूला सारत नाही. या कादंबऱ्यांचे शेवट वाचकाला हवे तसे असतात, एकतर भरभरून रडवणारे नाहीतर सुखावणारे. मोठ्या वाचकाला ज्या अनिश्चिततेत राहता यायला हवं, ती इथे मिळत नाही, असं त्या म्हणतात. बऱ्याच पुस्तकांच्या बाबतीत हे खरं आहे. एकसारख्या मालिका वाचताना तुम्हालाही जाणवलं असेल: मुलगी अडचणीत, दोन मुलगे तिच्या प्रेमात, मोठी माणसं एकतर दुष्ट किंवा गैरहजर, आणि तिसऱ्या भागात जग वाचतं.

पण हाच आक्षेप मोठ्यांच्या पुस्तकांना लावून बघा. आमच्याकडे सगळ्यात जास्त फिरणाऱ्या प्रौढांच्या कादंबऱ्यांत शेवट हवा तसाच असतो. ऐतिहासिक कादंबरीतला नायक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत थोर असतो, त्याच्याविषयी आपलं मत बदलायची एकदाही वेळ येत नाही. तिच्या वाचकाला कुणी वय विचारत नाही. उलट 'द बुक थीफ'मध्ये निवेदन करणारा मृत्यू कोण मरणार आहे ते कितीतरी आधीच सांगून टाकतो. रूडी हा त्या मुलीचा मित्र वाचणार नाही, हे आपल्याला कळलेलं असतं, आणि तरी आपण तो नदीत उडी मारून तिचं पुस्तक काढून आणताना बघतो. उत्सुकतेची सोपी वाट लेखकानं स्वतःच बंद केलीय. मग वाचकानं पुढे कशासाठी वाचायचं? त्या मुलांना जेवढे दिवस मिळालेत तेवढे त्यांच्याबरोबर काढण्यासाठी. ही मागणी चौदा वर्षांच्या वाचकाकडेही केलीय आणि बेचाळीस वर्षांच्याही. 'शाळा'चा शेवट तरी कुठे सुखावणारा आहे? शिरोडकर गाव सोडून जाते आणि मुकुंद दहावीकडे निघतो, बस.

आम्ही ग्रंथपाल लोक आणखी एक गोष्ट रोज बघतो. नववीतल्या मुलानं 'मृत्युंजय' मागितली की त्याचे आईवडील काउंटरवर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतात, शिक्षक पाठ थोपटतात. अमेरिकेत तर १९९८ पासून यासाठी ॲलेक्स पुरस्कार आहेत: मोठ्यांसाठी लिहिलेली पण किशोरांनाही आवडतील अशी दहा पुस्तकं दरवर्षी निवडली जातात. बाल्टिमोरच्या वाचनालयात किशोरांसाठी आयुष्यभर काम केलेल्या मार्गारेट अलेक्झांडर एडवर्ड्स या ग्रंथपाल बाईंच्या नावानं ते दिले जातात. मुलानं मोठ्यांच्या कपाटाशी जाणं हे कौतुकाचं, मग मोठ्यानं मुलांच्या कपाटाशी जाणं लाजेचं का? पुस्तक दोन्ही वेळा वाचकाच्या वयाबाहेरचंच आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कुवतीचा. इथे मी ठाम उत्तर देऊ शकत नाही, कारण ते तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती तुम्ही सांगितलेली नाही. माझ्या अनुभवात असं वर्षभर एकाच प्रकारचं वाचन करणारे वाचक बरेचदा एखाद्या दमवणाऱ्या काळातून जात असतात. घरात आजारपण, बदली, सासूबाईंचं करणं, नाहीतर नुकतंच गेलेलं माणूस. अशा वेळी आखूड प्रकरणं, सरळ काळ आणि एकाच माणसाच्या तोंडून येणारी गोष्ट वाचायला सोपी जाते, कारण मध्येच ठेवून दोन दिवसांनी उचलली तरी धागा सापडतो. ही कुवतीची घट नाही. वाचन सुटू नये म्हणून वाचकानं स्वतः शोधलेली सोय आहे. मुलं लहान असताना वाचन पार सुटलेल्या कितीतरी बायका अशाच पुस्तकांतून परत वाचू लागल्या. पुढे काही जणी गौरी देशपांडेंकडे गेल्या, काही तिथेच रमल्या. दोघींचंही कार्ड माझ्याकडे चालू आहे.

पण एक गोष्ट तपासा. तुम्ही ही पुस्तकं आवडतात म्हणून घेताय, की दुसरं पुस्तक उघडायची भीती वाटते म्हणून? दुसरं असेल तर तीही लाजेची बाब नाही, पण तिचा उपाय वेगळा आहे. पूर्वी आवडलेलं मोठ्यांचं एखादं पुस्तक काढा, नवं नको. जे चांगलं ओळखीचं आहे त्याची वीस पानं वाचा. लागलं तर तुमची कुवत शाबूत आहे. नाही लागलं तर आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्या, हे मी अगदी मनापासून सांगते. चाळिशीनंतर "आता जड पुस्तकं जमत नाहीत" म्हणणाऱ्या कितीतरी जणांना बारीक टाइप दिसत नसतो आणि दोष ते स्वतःच्या बुद्धीला देतात. इंग्रजी किशोर कादंबऱ्यांचा टाइप मोठा असतो, ओळींत जागा सुटलेली असते. आपल्याकडच्या जुन्या आवृत्त्या डोळ्यांना फार त्रास देतात.

मी माझ्या वाचकांना पुस्तकं जोडीनं देते. एक किशोरांचं, एक मोठ्यांचं, विषय एकच. शाळेतल्या छळावरची किशोर कादंबरी आवडली तर तिच्याबरोबर दलित आत्मकथनांपैकी एखादं, ज्यात शाळेचा वर्ग येतो. दोन्ही वाचल्यावर वाचक स्वतःच सांगतो की एकात काय मिळालं आणि दुसऱ्यात काय. पुस्तक हलकं की भारी हे ठरवायला मला तरी यापेक्षा चांगली रीत सापडलेली नाही. वाचून झाल्यावर स्वतःला एवढंच विचारायचं: या पुस्तकातल्या एखाद्या माणसाविषयी माझं मत मध्येच बदललं का? त्यातली मोठी माणसं खरी होती, की फक्त नायकाला अडवायला उभी केली होती? एखाद्या वाक्यापाशी मी थांबले का? तीन पुस्तकांत ओळीनं उत्तर 'नाही' आलं, तर ती मालिका सोडा. नायकाचं वय सोळा असो की साठ.

मुलीबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण मला सांगावंसं वाटतं. ते कपाट तिचं आहे. या वयाची मुलं जे वाचतात त्यात त्यांचं काहीतरी खाजगी असतं, कुठल्या पानाचा कोपरा दुमडलाय यातसुद्धा. तिला विचारून पुस्तक घ्या, तिचं वाचून झाल्यावर घ्या, आणि "तुला यातला तो मुलगा का आवडला गं?" अशी चौकशी करू नका. तुम्हाला काय आवडलं ते सांगा आणि गप्प राहा. तिला बोलायचं असेल तर ती बोलेल. मोठे वाचक वाढल्यामुळे एक खरा तोटा होतोय तो इथेच. विकत घेणारे मोठे असले की प्रकाशक त्यांच्या आवडीकडे बघतात, नायिका सतरा-अठरा वर्षांची होते, तिचे प्रश्न विशीतले होतात, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलीला तिच्या वयाचं पुस्तक मिळेनासं होतं. मराठीत तर या वयासाठी आधीच फार थोडं आहे. माझ्याकडे फास्टर फेणे वाचून संपवलेला मुलगा "आता काय?" म्हणून उभा राहतो, तेव्हा मला कपाटासमोर बराच वेळ घालवावा लागतो. म्हणून म्हणते, तुम्ही मराठी किशोर कादंबऱ्या विकत घ्या, वाचा, त्यांवर लिहा. ज्या पुस्तकांना मोठ्यांनी गंभीरपणे वाचलेलंच नाही, ती सुधारणार कशी?

आणि कट्टा सोडू नका. त्या एका वाक्यासाठी तुम्ही तिथलं सगळंच गमावताय. पुढच्या वेळी जाताना वाद घालायची तयारी करू नका, एक प्रसंग निवडून न्या. तीन-चार पानांचा. इंग्रजी असेल तर आधी घरी तुमच्या शब्दांत मराठीत करून ठेवा. पुस्तकाचं नाव, कुणासाठी लिहिलंय, हे आधी सांगू नका. वाचून दाखवा आणि चर्चा होऊ द्या, मग मुखपृष्ठ दाखवा. आमच्या वाचकगटात मी हे नेहमी करते. एकदा रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका किशोर कादंबरीतला बाप-मुलाचा प्रसंग ऐकून बराच वेळ स्वतःच्या वडिलांविषयी बोलत राहिले. पुस्तक कुठल्या कपाटातलं हे कळल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "माझ्या नावावर लावता का?"

ते ज्येष्ठ तरीही ऐकणार नाहीत, असंही होईल. मग बाकीच्यांकडे बघून वाचा.

वर्षभरात वाचलेल्यांपैकी मनात राहिलेली चार-पाच नावं इथेच कळवा, इंग्रजी असली तरी चालतील. प्रत्येकीची मराठी जोड सुचवते.